तीन ते पाचचा पहारा

१

वीणा थांबली नव्हती, म्हणून कुणालाच काही कळलं नाही.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक लहानसं विठ्ठल मंदिर आहे. तिथं माघातला सप्ताह चालू होता. सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तासांचा पहारा असतो, आणि ज्याचा पहारा त्यानं उभं राहून नाम घेत राहायचं. चौथ्या दिवशी तीन ते पाच पुंडलिकबाबा वीणेला होते आणि त्यांच्या जोडीला टाळ घेऊन सदाशिवराव होते. दुपारच्या त्या वेळेला मंदिरात चिटपाखरू नसतं. बाहेर दुकानं, रिक्षा, हॉर्न. आत दोन म्हातारे आणि देव.

पाचला गोकुळनं वीणा घेतली. पंधरा मिनिटांनी झाडलोट करणारी रत्नमाला पातेलं विसळायला मागच्या पडवीतल्या नळावर गेली आणि तशीच परत आली. नुसती मागं बोट दाखवत राहिली.

सदाशिवराव पडवीतल्या दगडी बाकावर भिंतीला टेकून बसले होते. टाळ मांडीवर. मान किंचित कलती. झोपल्यासारखेच वाटत होते, फक्त सदऱ्याचं वरचं बटण ओढून तोडलेलं होतं.

काकासाहेब हरिपाठासाठी नेहमीप्रमाणे जरा लवकर आले होते. गर्दीतून वाट काढत ते बाकापाशी गेले. गल्लीतले डॉक्टर तपासून उठतच होते.

"हार्ट," डॉक्टर म्हणाले. "तासभर झाला असेल. पण एकदम गेलेले दिसत नाहीत. थोडा वेळ मिळाला असावा. कुणी जवळ असतं तर..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

काकासाहेबांची नजर मात्र सदाशिवरावांच्या हातावर होती. उजव्या अंगठ्याला चुना वाळलेला. डाव्या तळहातावर अर्धी मळलेली तंबाखू.

मागं कुजबूज सुरू झाली. "माळकरी माणूस." "नऊ वर्षं सोडली म्हणायचे." "अरे, चोरून खात असणार."

"डॉक्टर, तोंड बघू का यांचं?" काकासाहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना काकासाहेब ठाऊक होते. सरकारी दवाखान्याच्या दातांच्या विभागात तंबाखू सोडवण्याची एक खोली आहे. तिथं काकासाहेबांनी एकतीस वर्षं लोकांना तोंड उघडायला लावलं होतं. माणूस नाव खोटं सांगेल, वय खोटं सांगेल, पण त्याचं तोंड खोटं सांगत नाही, असा त्यांचा अनुभव.

त्यांनी हलक्या हातानं सदाशिवरावांचा खालचा ओठ खाली केला. आतलं कातडं गुलाबी, स्वच्छ. तंबाखूचा एक कण नाही.

मग त्यांनी बाकाखाली पाहिलं, सदऱ्याचे खिसे पाहिले, पिशवी पाहिली. हातावर तंबाखू होती. पण तंबाखूची चंची नव्हती आणि चुन्याची डबीही नव्हती.

२

सदाशिवरावांची मुलगी चारुता पुण्याहून आली. दहावं झालं, अकरावं झालं, आणि बाराव्या दिवशी सकाळी ती काकासाहेबांच्या घरी आली.

घर म्हणजे दोन खोल्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादला. ओट्यावर एका माणसाचा कुकर, आणि मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यावर कुणाचं तरी कीर्तन चालू होतं. काकासाहेबांनी आवाज बारीक केला, बंद केला नाही.

"उद्या तेरावं," चारुता म्हणाली. "संध्याताईंचं कीर्तन आहे चार वाजता. त्यांना कीर्तनात बाबांची गोष्ट सांगायची होती. आई गेली तेव्हाची."

काकासाहेबांना ती गोष्ट पाठ होती. सगळ्या गल्लीलाच पाठ होती. चारुताची आई भानुमतीबाई दातांना तपकीर लावायच्या. चाळीस वर्षं लावली, आणि त्याच जागी गाठ झाली. त्या अंथरुणावर असताना सदाशिवरावांनी आपली चंची त्यांच्या उशाशी आणून ठेवली आणि म्हणाले, तुझी शपथ, ही आता माझ्या तोंडाला लागणार नाही. मग मंदिरात येऊन माळ घातली. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी त्यांचे मित्र पुंडलिकबाबांनीही तंबाखू सोडून माळ घातली.

"सांगायची होती म्हणजे? आता नाही सांगणार?"

"काल संध्याताई म्हणाल्या, बाळ, नारदाच्या गादीवरून खोटं बोलता येत नाही. लोकांनी त्यांच्या हातावर तंबाखू बघितलीय. खरं काय ते कळल्याशिवाय मी त्यांचं नाव घेणार नाही." चारुता थांबली. "मला कीर्तनाचं तेवढं नाही हो. आई शेवटच्या दिवसांत बोलू शकत नव्हती. पाटीवर लिहायची. तिनं लिहिलं होतं, यांनी सोडली, आता मला काही नको. ते खोटं होतं का, एवढंच मला कळायला हवं. खोटं असलं तरी चालेल. पण कळू दे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी आठवड्यातून एकदा फोन करायची. जेवलात का, गोळी घेतलीत का. ते म्हणायचे, हो, हो. मला काय माहीत ते काय करायचे." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "पुंडलिकबाबांचं नाम थांबलंच नव्हतं, म्हणून त्यांना कुणी काही विचारलं नाही. मंदिराच्या समितीला वाटतं, रत्नमालाबाई त्यांना चोरून आणून देत होती. तिच्या पिशवीत तंबाखूचं पान सापडलं. तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय."

काकासाहेब उठले. कुकरखालचा गॅस बंद केला.

"ताई, चंची कुठं गेली?"

"कुठली चंची?"

"तंबाखू मळायची तर चंची लागते, डबी लागते. ती कुठंच नव्हती. तुमचे बाबा बसल्या जागी गेले, ते काही उठून ठेवून आले नाहीत." काकासाहेब तिच्याकडे न बघता बोलले. "ते कोसळले तेव्हा तिथं दुसरं कुणीतरी होतं. आणि ते माणूस चंची उचलून निघून गेलं."

३

रत्नमाला घराच्या उंबऱ्यावर बसून हिरड्यांना मिसरी लावत होती. काकासाहेबांना बघून तिनं चूळ भरली आणि पदर सावरला.

"तुम्ही बी माझी पिशवी बघायला आले का काकासाहेब?"

"पिशवी नाही. तोंड बघायला आलो."

"तोंड काय बघता. काळं हाय. लोकांनी अजून काळं केलं."

"लावता किती वेळा?"

"सकाळी एकदा. जेवून एकदा. अन् कुणी टोचून बोललं तर अजून एकदा." ती हसली. पुढचे दात मुळाशी कोळशासारखे झाले होते. "या दहा दिसांत लई वेळा लावली."

"ते पान कशाला होतं?"

"मिसरीला. तव्यावर भाजते, बत्त्यानं कुटते. इकतची मिसरी वाळूसारखी लागती."

"त्यात चुना घालता?"

रत्नमालानं काकासाहेबांकडं असं पाहिलं, जणू एकतीस वर्षांची नोकरी त्यांनी फुकट केली होती. "चुना? जळल्या मिसरीत चुना? हिरड्या सोलून निघतेल ना. चुना कोरड्या तंबाखूला लागतो, मळायला. बायका कुठं मळत बसत्यात?"

"बरं. त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"पुढं, पायऱ्या पुसत व्हते. मागं गेलेच नाय सव्वापाचपर्यंत. गेले असते तर..." तिनं मिसरीचा डबा बंद केला. "म्हातारा लई चांगला व्हता. मी येते म्हणलं की म्हणायचा, बस गं दोन मिनिटं, चहा घे. मी म्हणायचे, काम हाय. रोज म्हणायचे काम हाय."

काकासाहेबांनाही सदाशिवराव असंच म्हणायचे. ते दवाखान्यात दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला यायचे, ओठाच्या आतला पांढरा चट्टा कधीच गेला होता, तरी यायचे. तपासून झालं तरी खुर्चीवरून उठायचे नाहीत. आणि काकासाहेब बाहेरच्या रांगेकडं बघायचे.

"काही ऐकू आलं का तुम्हाला त्या वेळी? हाक वगैरे?"

"हाक नाय. पुंडलिकबाबाचं नाम ऐकू येत व्हतं की. चारला जरा बारीक झालं. मंग असं चढलं, असं चढलं, मी फडकं खाली ठेवलं बघा. एवढ्या वर्षांत तसा आवाज ऐकला नाय. बाहेरचे दुकानवाले सुदिक म्हणले, आज बाबाला देव दिसला."

काकासाहेब पायऱ्या उतरता उतरता थबकले. पहाऱ्याच्या शेवटी माणसाचा आवाज थकतो. चढत नाही.

४

सदाशिवरावांचा पुतण्या हिमांशू बिडकीनजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्या दुपारी साडेतीनला तो मंदिरात येऊन गेल्याचं दोघांनी पाहिलं होतं. तो कारखान्याच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसूनच बोलला.

"गेलो होतो ना. लपवायचं काय त्यात? काकांना हे द्यायला गेलो होतो." त्यानं खिशातून चपटी गोल डबी काढली. आत छोट्या छोट्या पांढऱ्या पिशव्या, चिमणीच्या उशीसारख्या. एक त्यानं ओठाखाली सरकवली. "यात तंबाखूचं पान नाही. नुसतं निकोटिन. थुंकायचं नाही, वास नाही, मीटिंगमध्ये कुणाला कळत पण नाही."

"ओठ खाली कर बघू."

हिमांशूनं कंटाळून ओठ खाली केला. हिरडी एका जागी पांढरट पडून मागं सरकली होती.

"मीटिंगला कळत नाही," काकासाहेब म्हणाले. "हिरडीला कळतंय. काकांना कशाला देत होतास?"

"मला वाटायचं ते लपून तंबाखू खातात. दुपारी त्यांच्या घरी गेलं की खोलीत वास यायचा. मी म्हटलं, खायचंच तर हे घ्या, मळायची कटकट नाही. तर म्हणाले, मला लागत नाही रे आता. मी म्हटलं, काका, माझ्यासमोर कशाला. हसले नुसते. पुंडलिकबाबांनी डोळे वटारले, हळू बोल म्हणून. मग मी निघालो. चार वाजायला दहा कमी असताना फाट्यावर पेट्रोल भरलं, पावती आहे."

"मळता येते का तुला तंबाखू?"

"मला? शी. हाताला वास राहतो."

तिथून काकासाहेब परत औरंगपुऱ्यात आले. मंदिराच्या कोपऱ्यावर गोकुळचं फोटो-फ्रेमचं दुकान. गोकुळ तिशी ओलांडलेला, बोलायला फटकळ, आणि गालात कायम मावा. प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, चुना आणि तंबाखू घालून तो कागद तळहातांत घासायचा, ही त्याची दिवसभराची कसरत होती.

"आव काकासाहेब. किसका मुंह देखने निकले?"

"तुझंच. तीन बोटं घाल तोंडात, उभी."

"नाय जात."

"दोन?"

गोकुळनं प्रयत्न केला. दीड बोटाशी जबडा अडला. "तिखट बिलकुल चालत नाय आता. मिरची दिसली तरी आग होती."

"मग मावा कसा चालतो?"

"आदत है. अन् माव्यातला चुना सुपारीत जिरतो. नुसता चुना लागला तर मेलो मी. त्या दिवशी बघा ना..." तो फ्रेमवरची धूळ पुसत पुसत बोलू लागला. "सदाशिवकाका गेले त्या दिवशी. पाचला मी वीणा घेतली. दांडीला काहीतरी पांढरं लागलेलं. म्हणलं गंधाचा हात लागला आसंल बाबाचा. अंगठ्यानं पुसलं. नंतर नाम घेता घेता तोच अंगठा ओठाला लागला, तर जी आग, जी आग. वीणा गळ्यात, हात सोडता येईना. सात वाजेपर्यंत डोळ्यातून पाणी. लोकं म्हणले, काकांसाठी रडतोय." तो ओशाळून हसला. "रडलो पण. पण नंतर."

"दांडीला कुठं लागलं होतं?"

"वर. डावा हात जिथं धरतो ना, तिथंच."

काकासाहेबांनी दुकानातल्या स्टुलावर बसायला मागितलं. गोकुळनं पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

५

पुंडलिकबाबांची खोली गल्लीच्या टोकाला होती. बिडकीनची जमीन कारखान्यांसाठी गेल्यावर मुलं वाळूजकडं राहायला गेली. बाबा इथं राहिले, मंदिराजवळ, वीणेजवळ. चाळीस वर्षं त्यांनी वीणा वाहिली होती. कुणाच्याही घरी काही शुभ असलं की त्यांच्या पाया पडून निघायची पद्धत होती.

दुपारचे तीन वाजले होते. बाबा खाटेवर बसले होते. हात गुडघ्यांवर.

"रामकृष्णहरी."

"रामकृष्णहरी. बसा."

काकासाहेब समोर खाली सतरंजीवर बसले. "बाबा, मी जरा बोलतो. चुकलो तर थांबवा."

बाबांनी मान हलवली.

"सदाशिवरावांचं तोंड मी नऊ वर्षं बघत आलो. त्या दिवशीही पाहिलं. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड नव्हतं ते. म्हणजे हातावरची तंबाखू त्यांची नव्हती. ते दुसऱ्यासाठी मळत होते. बरं, दोघं बसले की एक जण मळतो अन् दोघं वाटून खातात, हे आपण रोज बघतो. पण ती चिमूट एकाच माणसापुरती होती. मग मी म्हटलं, ज्याला खायची तो स्वतः का मळत नाही? एकट्यापुरती असली की तंबाखू खाणारा आपल्या चिमटीचा अंदाज दुसऱ्यावर सोपवत नाही. चुना कमी-जास्त झाला की तोंड येतं. रत्नमाला मळत नाही, ती मिसरी लावते. हिमांशूला हाताला वास लागलेला चालत नाही. गोकुळ स्वतःचा मावा स्वतः घासतो, आणि नुसता चुना त्याला सोसत नाही." काकासाहेबांनी बाबांच्या हातांकडं पाहिलं. "दुसऱ्याकडून मळून कोण घेईल? ज्याचे हात मोकळे नाहीत तो. आणि त्या दुपारी तीन ते पाच, सगळ्या मंदिरात एकाच माणसाचे हात मोकळे नव्हते."

बाहेरून एक रिक्षा गेली. बाबांनी तिचा आवाज पूर्ण संपू दिला.

"वीणेच्या दांडीला चुना लागला होता, बाबा."

"व्हय," पुंडलिकबाबा म्हणाले. "मीच."

काकासाहेबांना वाटलं होतं, खरं कळल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"माळ घातली अन् दोन महिने कळ काढली," बाबा खाली बघून बोलू लागले. "मंग नाय राहवलं. सदाशिवरावाला जाऊन सांगितलं. म्हणलं मी वीणा सोडतो. तो रागावला नाय. म्हणला, वीणा सोडू नको. अन् तुझ्याजवळ चंची ठेवू नको, कुणाला सापडली तर लोकं जगू द्यायचे नाय. माझी जुनी चंची पडून आहे, तीत माझ्याजवळ राहू दे. मी खात नाय, मला कोण तपासतंय. तव्हापासून रोज दुपारी त्याच्या घरी जायचो. तो मळून द्यायचा. त्याला मळायला आवडायचं. एक दिवस म्हणला, पुंडलिका, तू तंबाखूसाठी येतोस, मला ठाऊक आहे. पण येतोस ना."

"त्यांनी स्वतः कधी..."

"एकदाबी नाय. नऊ वर्षांत एकदाबी नाय. मी म्हणायचो, घे रे चिमूटभर, कोण बघतंय. तो म्हणायचा, भानुमती." बाबांनी डोळे मिटले. "त्या दिवशी पहाऱ्यात मला कळ निघंना. खुणावलं. दोघं मागं गेलो. वीणा गळ्यातच. मी एका बोटानं तार छेडत व्हतो, म्हणजे पुढं कुणी असलं तर ऐकू यावं. तो मळत व्हता. मधीच थांबला. म्हणला, थांब जरा, चुना जास्त झाला वाटतं. अन् मागं टेकला. मला वाटलं थट्टा करतोय. मंग त्यानं बटण ओढलं."

"आणि तुम्ही?"

"मी उभा. वीणा खाली ठेवायची अन् त्याला धरायचं. एवढंच व्हतं. पण चाळीस वर्षं ती खाली टेकू दिली नाय काकासाहेब. हात जाईना. सांगून पटायचं नाय कुणाला. हात जाईनाच. म्हणलं ओरडावं. ओरडलो तर लोकं येणार, त्याच्या हातावर तंबाखू, बाजूला डबी, समोर मी. म्हणून पहिलं डबी उचलली. चंची बंडीत घातली. पुढं आलो, अन् मोठ्यानं नाम घ्यायला लागलो. लई मोठ्यानं. म्हणलं कुणीतरी म्हणंल, याला आज काय झालं, अन् बघायला येईल." बाबांचा आवाज अगदी कोरडा झाला होता. "लोकं आले बी. पायरीपाशी थांबले. हात जोडले. म्हणले काय गोड लागलाय आवाज. अन् गेले."

"पाचला गोकुळनं वीणा घेतली. हात मोकळे झाले."

"व्हय. झाले."

"मग?"

"घरी आलो," पुंडलिकबाबा म्हणाले. "तुमच्यानं बघवत नाय ना माझ्याकडं? माझ्यानंबी बघवत नाय. त्याच्या पोरीला मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

६

तेराव्याला सकाळी त्यांनी सांगितलं. चारुता घरात खाली बसून ऐकत होती. संध्याताई आणि काकासाहेब दाराशी उभे होते. बाबांनी काहीही गाळलं नाही, घरी आलो हेसुद्धा नाही. सांगून झाल्यावर ते कुणी घालवून देण्याची वाट बघत बसून राहिले.

"शेवटी चुन्याबद्दल बोलले?" चारुतानं विचारलं.

"व्हय. चुना जास्त झाला वाटतं."

"माझं नाव नाही घेतलं."

"नाय पोरी. वेळच..."

"नाही, असू दे." ती खिडकीकडं वळली. "खरं तेच सांगा."

मग संध्याताई हळू म्हणाल्या, "चारुता, चार वाजता मी काय सांगू? तू म्हणशील ते. म्हणशील तर दुसरंच आख्यान लावते."

"माझ्या बाबांनी शपथ मोडली का ताई? रोज चंची खिशात. रोज हातानं मळायचे."

गादीवर बोलायला संध्याताईंना कधी वेळ लागत नसे, इथं लागला. "तंबाखू समोर नसली की सोडणं सोपं असतं गं. यांनी रोज हातात घेऊन सोडली."

"मग सगळं सांगा," चारुता म्हणाली. "नुसतं सोडली एवढं सांगू नका. जवळ कुणी बसावं म्हणून ती खिशात ठेवावी लागली, तेही सांगा. ते माझ्याबद्दल आहे, तरी सांगा."

"माझं नाव घेऊन सांगा," पुंडलिकबाबा म्हणाले.

चारला कीर्तन सुरू झालं. मंदिर भरलं होतं. काकासाहेब टाळकऱ्यांत उभे होते. रत्नमाला खांबाला टेकून बसली होती, आणि समितीच्या अध्यक्षांनी स्वतः तिला पुढं बसायला सांगितलं तरी ती जागची हलली नाही. वीणेला गोकुळ होता.

संध्याताईंनी सगळं सांगितलं. सजवलं नाही, रडवलं नाही. गोष्टीत पडवीपाशी आल्या तेव्हा पुंडलिकबाबा आपणहून गर्दीत उठून उभे राहिले, म्हणजे कुणाबद्दल चाललंय ते कुणाला विचारावं लागू नये. संध्याताई म्हणाल्या, या गल्लीत रोज शंभर माणसं एकमेकांना रामकृष्णहरी म्हणतात. सदाशिवरावांनाही म्हणायची. मीही म्हणायची, आणि पुढं जायची. टाळ थांबले होते. मग त्यांनीच नाम धरलं, आणि हळूहळू सगळे त्यात आले.

कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या, मोठा लहानाच्या. त्या दिवशीही वाकावाकी झाली. पुंडलिकबाबा भिंतीपाशी उभे होते आणि त्यांच्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली होती. चाळीस वर्षं लोक ज्यांच्या पाया पडले, त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. काकासाहेब त्यांच्याकडं निघाले, तेवढ्यात त्यांना चारुता पुढं जाताना दिसली. ते थांबले.

ती वाकली नाही. समोर उभी राहिली.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही. डॉक्टर म्हणाले थोडा वेळ मिळाला असेल. तो वेळ मला रोज दिसणार आहे."

"मलाबी."

"चंची कुठं आहे?"

बाबांनी बंडीत हात घातला आणि ती काढून दिली. कापड विटलेलं, कडेला भानुमतीबाईंच्या हातचा टाका. चारुतानं ती मुठीत धरली.

"काकासाहेब उद्या तुम्हाला दवाखान्यात नेतील. त्या खोलीत. मी विचारलंय त्यांना."

"जाईन."

"महिन्यातून एकदा मी घर उघडायला येणार आहे. तुम्ही दुपारी तिथं या. तंबाखू मिळणार नाही. चहा करीन." तिनं मुठीतल्या चंचीकडं बघितलं. "मी तुमच्याशी बोलेन की नाही, मला माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाही."

पुंडलिकबाबांनी मान हलवली.

"बसून राहीन," ते म्हणाले.